मोटारसायकलच्या पुढील ब्रेक कॅलिपरची घरगुती देखभाल

मोटारसायकलच्या पुढील चाकावरील डिस्क ब्रेकमध्ये फिरत्या चकतीला दोन्ही बाजूंनी पकडणारा चिमट्यासारखा जो भाग असतो, त्यास ब्रेक कॅलिपर असे म्हणतात. हँडलवरील लिव्हर ओढल्यावर निर्माण होणारा द्रवदाब कॅलिपरमधील दट्ट्यांना पुढे ढकलतो, दट्टे ब्रेक पॅड चकतीवर दाबतात आणि घर्षणामुळे चाकाची गती कमी होते. कॅलिपरच्या देखभालीत दट्टे व सरकपिना स्वच्छ करणे, पॅडची झीज तपासणे आणि ब्रेक द्रव बदलणे या कामांचा समावेश होतो. यांपैकी बहुतेक कामे साध्या हत्यारांनी घरी करता येतात. परंतु ती चुकीच्या पदार्थांनी किंवा घाईने केल्यास सुस्थितीतला ब्रेकही निकामी होतो.

परिभाषेत ब्रेकला ‘गतिरोधक’ असा प्रतिशब्द आहे. तथापि व्यवहारात तो शब्द रस्त्यावरील उंचवट्यासाठी रूढ झाला असल्याने या लेखात ‘ब्रेक’ हाच शब्द वापरला आहे. भारतात १०० ते २०० सीसी क्षमतेच्या गाड्यांवर सर्वाधिक आढळणारा एक किंवा दोन दट्ट्यांचा सरकता कॅलिपर येथे प्रामुख्याने विचारात घेतला आहे.

पुढील ब्रेकचे महत्त्व

‘पुढचा ब्रेक दाबला की गाडी उलटते’ अशी समजूत महाराष्ट्रात शहरांत आणि खेड्यांत सारखीच आढळते. या भीतीपोटी अनेक चालक वर्षानुवर्षे केवळ पायाच्या ब्रेकवर विसंबून राहतात आणि पुढील ब्रेक वापराअभावी जाम होऊ लागला तरी ते त्यांच्या लक्षात येत नाही. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. गाडीची गती कमी होताना तिचा भार पुढील चाकाकडे सरकतो. गाडी व चालक यांचा एकत्रित गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५ सें.मी. उंच असेल आणि दोन चाकांमधील अंतर १३० सें.मी. असेल, तर गुरुत्व त्वरणाच्या ०.६ पट मंदन होत असताना एकूण वजनाच्या ३० टक्के भार मागून पुढे जातो. उभ्या गाडीत भार निम्मा-निम्मा असल्यास अशा वेळी ८० टक्के भार पुढील चाकावर आणि जेमतेम २० टक्के मागील चाकावर उरतो. भार नसलेले चाक रस्त्याला घट्ट धरू शकत नाही; त्यामुळे मागील ब्रेक जोराने दाबला की चाक लगेच घसरू लागते. अडचणीच्या क्षणी गाडी थांबवण्याचे काम मुख्यतः पुढील ब्रेकच करतो. लिव्हर एकदम न आवळता वाढत्या दाबाने ओढली, तर कोरड्या सरळ रस्त्यावर गाडी सुरक्षितपणे आणि कमीत कमी अंतरात थांबते.

इतिहास

डिस्क ब्रेकचे पेटंट इंग्रज अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर याने १९०२ मध्ये घेतले. त्यानंतर सुमारे अर्धे शतक ही कल्पना फारशी प्रचारात आली नाही. १९५३ च्या ल मान्स शर्यतीत डिस्क ब्रेक बसवलेल्या जॅग्वार मोटारीने विजय मिळवल्यावर तिचे महत्त्व सर्वमान्य झाले. मोठ्या प्रमाणावर विकल्या गेलेल्या मोटारसायकलींत द्रवदाबावर चालणारा पुढील डिस्क ब्रेक रूढ करण्याचे श्रेय १९६९ च्या होंडा सीबी ७५० या गाडीला दिले जाते. भारतात हिरो होंडा सीबीझेड (१९९९) आणि बजाज पल्सर (२००१) या गाड्यांनंतर सामान्य ग्राहकाला डिस्क ब्रेक परिचित झाला. आज दुचाकींच्या ब्रेकचे सुटे भाग महाराष्ट्रातही तयार होतात. छत्रपती संभाजीनगर येथील एन्ड्युरन्स आणि पुण्याजवळील चाकण येथे कारखाना असलेली ब्रेम्बो ही त्यांतील ठळक नावे होत.

रचना आणि कार्य

स्थिर कॅलिपरमध्ये चकतीच्या दोन्ही बाजूंना दट्टे असतात. सरकत्या कॅलिपरमध्ये दट्टे एकाच बाजूला असून कॅलिपरचा मुख्य भाग दोन सरकपिनांवर आडवा सरकू शकतो. दट्ट्यांनी आतील पॅड चकतीवर दाबला की प्रतिक्रियेने संपूर्ण कॅलिपर विरुद्ध दिशेला सरकतो आणि बाहेरील पॅडही चकतीवर ओढला जातो. म्हणजेच दुसऱ्या पॅडचे काम सर्वस्वी सरकपिनांवर अवलंबून असते. पिना कोरड्या पडल्या वा गंजल्या, तर एकच पॅड झिजत राहतो आणि दुसरा जवळजवळ नवा दिसतो.

बोटांच्या ताकदीचे इतक्या मोठ्या दाबात रूपांतर कसे होते, हे पास्कलच्या नियमावरून समजते. हँडलवरील मास्टर सिलिंडरचा व्यास १३ मि.मी. आणि कॅलिपरमधील दोन दट्ट्यांचा व्यास प्रत्येकी २६ मि.मी. धरल्यास प्रत्येक दट्ट्याचे क्षेत्रफळ मास्टर सिलिंडरच्या चौपट, तर दोहोंचे मिळून आठपट होते. त्यामुळे बलही आठपट मिळते. लिव्हरच्या तरफेमुळे झालेली वाढ याखेरीज निराळी. मात्र बल आठपट मिळते तेव्हा अंतर आठव्या हिश्श्यावर येते. मास्टर सिलिंडरचा दट्ट्या ४ मि.मी. पुढे गेला, तर कॅलिपरचे दट्टे केवळ अर्धा मिलिमीटर हलतात. नळीत हवेचा लहानसा बुडबुडा राहिला तरी हे अर्धा मिलिमीटर त्याला दाबण्यातच खर्च होते आणि लिव्हर थेट हँडलला टेकते.

कॅलिपरमधील सर्वांत कमी ओळखीचा, पण सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे दट्ट्याभोवतीचे चौकोनी छेदाचे रबरी सील. ते केवळ द्रव अडवण्यासाठी असते असा समज आहे. प्रत्यक्षात दट्ट्याला मागे आणण्याचे कामही तेच करते, कारण कॅलिपरमध्ये त्यासाठी दुसरी कोणतीही स्प्रिंग नसते. दट्ट्या पुढे सरकताना सील त्याला चिकटून किंचित पिळले जाते; दाब नाहीसा होताच ते मूळ आकारात येते आणि दट्ट्याला मिलिमीटरचा अगदी लहान अंश मागे ओढते. एवढ्या अंतराने पॅड चकतीपासून सुटतो. पॅड झिजला की दट्ट्या सीलमधून थोडा पुढे घसरतो आणि नव्या जागेवरून हीच क्रिया चालू राहते. डिस्क ब्रेकला ड्रम ब्रेकसारखे वारंवार ‘टाइट’ करावे लागत नाही, ते यामुळेच.

कालांतराने सील ज्या खाचेत बसते तिच्या तळाशी गंज व क्षार साचतात. खाच उथळ झाली की सील दट्ट्यावर अधिक आवळले जाते, त्याची पिळण्याची आणि सुटण्याची क्षमता संपते, आणि ब्रेक ‘धरून बसतो’. अशा वेळी नवा पॅड टाकल्याने काही साध्य होत नाही. दुकानदार पॅड विकतो, गाडी आठवडाभर बरी चालते आणि पुन्हा तीच तक्रार उद्भवते.

बिघाडाची लक्षणे

गाडी मधल्या स्टँडवर उभी करून पुढील चाक उचलले असता ते हाताने एक-दोन फेऱ्या सहज फिरले पाहिजे. पॅडचा हलका घासल्याचा आवाज स्वाभाविक आहे, परंतु चाक लगेच अडत असेल तर ब्रेक धरलेला आहे. थोड्या प्रवासानंतर चकती असाधारण तापणे, गाडी ढकलताना जड लागणे आणि इंधनाचा वापर वाढणे ही त्याचीच लक्षणे होत. तापलेल्या चकतीला बोट लावून पाहण्याचा मोह टाळावा. जवळ हात धरला तरी आच जाणवते.

धरलेल्या ब्रेकचा दोष कॅलिपरचाच असतो असे नाही. मास्टर सिलिंडरमध्ये टाकीकडे द्रव परत जाण्यासाठी अतिशय बारीक छिद्र असते. ते घाणीने बुजले तर लिव्हर सोडूनही दाब कायम राहतो. हे ओळखण्याची रीत सोपी आहे: ब्रेक धरलेला असतानाच कॅलिपरवरील हवा काढण्याची निपल, तिला नळी जोडून, क्षणभर सैल करावी. थोडा द्रव बाहेर येऊन चाक मोकळे झाले तर दोष वरच्या मास्टर सिलिंडरकडे किंवा नळीत आहे; तरीही चाक जडच राहिले तर तो कॅलिपरमध्ये आहे. इतक्या साध्या चाचणीने पुष्कळदा निष्कारण खर्च वाचतो.

लिव्हर मऊ, स्पंजासारखी लागणे हे द्रवात हवा असल्याचे चिन्ह आहे. लिव्हर दाबून धरली असता ती हळूहळू हँडलकडे सरकत असेल आणि बाहेर कोठेही गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरमधील रबर झिजलेले असते. ब्रेक लावताना लिव्हरला ठोके जाणवल्यास चकती वाकडी किंवा असमान झिजलेली असण्याची शक्यता असते.

ब्रेक द्रव

गॅरेजमध्ये या द्रवास सर्रास ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात. हा शब्द निरुपद्रवी नाही. तो ऐकून हाताशी असलेले इंजिन ऑइल टाकीत ओतणारे किंवा कॅलिपर पेट्रोल, डिझेल अथवा रॉकेलने धुणारे लोक आहेत. ब्रेक द्रव हा खनिज तेल नसून डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ या प्रकारांत तो ग्लायकॉल ईथर वर्गातील रसायनांपासून बनवतात. ब्रेकमधील सील ज्या रबराची असतात ते रबर या द्रवात टिकते, पण खनिज तेलाच्या संपर्काने फुगून मऊ पडते. पेट्रोलने धुतलेला कॅलिपर त्या दिवशी चकचकीत दिसतो. फुगलेली सील काही दिवसांनी ब्रेक जाम करतात किंवा गळू लागतात. एकदा तेल शिरले की सर्व रबरी भाग बदलण्यावाचून गत्यंतर नसते.

ग्लायकॉल द्रव हवेतील बाष्प शोषून घेतो. डॉट ३ चा किमान उत्कलनबिंदू कोरड्या स्थितीत २०५ अंश सेल्सियस असतो, तर ठरावीक प्रमाणात पाणी मुरल्यावर तो १४० अंश मानला जातो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० व १५५ आहेत. २०० किलो वजनाची गाडी ताशी ६० किमी वेगावरून थांबवताना सुमारे २८ किलोज्यूल ऊर्जेची उष्णता होते. हीच गाडी ५०० मीटर उंचीचा घाट उतरते तेव्हा सुमारे ९८० किलोज्यूल, म्हणजे जवळजवळ पस्तीसपट ऊर्जा कोठेतरी खर्च व्हावी लागते. इंजिन खालच्या गिअरमध्ये ठेवल्यास तिचा मोठा भाग इंजिन आणि वाऱ्याचा रोध पचवतात. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून, इंधन वाचवण्याच्या हिशेबाने, केवळ ब्रेकवर घाट उतरणाऱ्याची चकती आणि द्रव तापत जातात. जुन्या, पाणी मुरलेल्या द्रवात वाफेचे बुडबुडे होतात, आणि उताराच्या शेवटच्या वळणांवर लिव्हर पोकळ लागते. म्हणूनच गाडी कमी चालली असली तरी साधारणपणे दर दोन वर्षांनी द्रव बदलण्याची शिफारस केली जाते.

कोणता द्रव घालावा हे टाकीच्या झाकणावर लिहिलेले असते. डॉट ५ हा सिलिकोनचा द्रव असून नाव सारखे असले तरी तो डॉट ४ वा ५.१ मध्ये मिसळू नये. झाकण उघडे राहिलेल्या जुन्या बाटलीतील द्रव वापरू नये. हा द्रव रंग खातो. टाकीवर सांडल्यास तो पुसत न बसता लगेच भरपूर पाण्याने धुवावा.

साफसफाईची पद्धत

कोकण व गोव्याच्या किनारपट्टीवर खारी हवा आणि इतरत्र पावसाळ्यातील चिखल यांमुळे दट्ट्यांच्या उघड्या भागावर थर जमतो. त्यामुळे पावसाळा संपल्यावर एकदा आणि पॅड बदलताना दरवेळी ही साफसफाई करणे इष्ट ठरते. यासाठी नळी सोडवण्याची किंवा द्रव काढण्याची आवश्यकता नसते.

पॅडची पिन घट्ट बसलेली असल्यास कॅलिपर काट्यावर असतानाच ती किंचित सैल करून घ्यावी. सुटा कॅलिपर हातात धरून ती सैल करणे कठीण जाते. त्यानंतर कॅलिपरचे दोन बोल्ट काढून तो चकतीवरून उतरवावा आणि तारेने काट्याला टांगावा. नळीवर लोंबकळू दिल्यास नळीला आतून इजा होते. पॅड कोणत्या बाजूचा कोणता आणि त्यांमागील पत्र्याची स्प्रिंग कशी बसली होती, हे पाहून ठेवावे. भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढणे सर्वांत सोयीचे. पॅडवरील झिजेची खाच नाहीशी झाली असेल किंवा घर्षणद्रव्य एक-दीड मिलिमीटरच उरले असेल, तर दोन्ही पॅड एकदम बदलावेत. चकतीची किमान जाडी बहुधा चकतीवरच कोरलेली असते.

पॅड काढल्यावर अनेक जण लगेच दट्टे आत दाबतात. देखभालीतील सर्वाधिक नुकसान याच पायरीवर होते, कारण दट्ट्यावरील वाळलेला चिखल आणि पॅडची भुकटी सीलखाली ढकलली जाते. योग्य क्रम उलटा आहे. आधी लिव्हर अगदी हळू ओढून दट्टे काही मिलिमीटर बाहेर आणावेत. एक दट्ट्या वेगाने येत असेल तर त्याला लाकडाच्या पट्टीने अडवून दुसरा पुढे येऊ द्यावा. ते पूर्ण बाहेर पडणार नाहीत याची दक्षता घ्यावी. मग कोमट साबणपाण्याने आणि जुन्या दात घासण्याच्या ब्रशने, अथवा ब्रेक साफ करण्याच्या फवाऱ्याने, दट्ट्यांचा घेर सर्व बाजूंनी स्वच्छ करावा. मागील बाजू ब्रशने साधत नाही. तेथे कापडाची पट्टी दट्ट्याभोवती फिरवून मागेपुढे ओढावी. तारेचा ब्रश किंवा खरखरीत पॉलिश पेपर वापरू नये. दट्ट्यावरील मुलामा सोलला गेला असेल किंवा सील जेथे टेकते तेथे गंजाचे खड्डे पडले असतील, तर तो दट्ट्या बदलावाच लागतो.

पॅडची भुकटी तोंडाने फुंकून किंवा हवेच्या दाबाने उडवू नये. पूर्वीच्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस वापरले जाई आणि आजच्या पॅडची भुकटीही फुफ्फुसांना अपायकारक असते. ती ओल्या कापडाने टिपून घ्यावी.

स्वच्छ झालेल्या दट्ट्यांवर ब्रेक द्रवाचा हलका हात फिरवून ते बोटांनी किंवा लाकडी पट्टीने सरळ आत दाबावेत. या वेळी वरील टाकीतील पातळी वाढते. पॅड झिजत असताना कोणी टाकीत द्रवाची भर घातलेली असेल तर तो आता बाहेर सांडतो. म्हणून झाकण उघडून लक्ष ठेवावे आणि जादा द्रव आधीच काढून घ्यावा.

सरकपिना बाहेर काढून जुने, वाळलेले ग्रीस पूर्ण पुसावे. रबरी टोप्या फाटल्या असल्यास बदलाव्यात, कारण पाणी तेथूनच आत जाते. ब्रेकसाठीचे सिलिकोन ग्रीस पातळ थरात लावावे. चेन वा बेअरिंगसाठीचे सामान्य ग्रीस येथे टोप्या फुगवते. पिना बसवल्यावर कॅलिपर हाताने अडथळ्याविना मागेपुढे सरकला पाहिजे.

पॅडच्या घर्षणपृष्ठाला आणि चकतीला तेलाचा वा ग्रीसचा स्पर्शही होता कामा नये. ब्रेकचा आवाज येतो म्हणून चकतीवर तेल सोडण्याचे किंवा गंज सोडवणारा फवारा मारण्याचे प्रकार घडतात. आवाज थांबतो, त्याबरोबर ब्रेकही. तेल मुरलेले पॅड घासून वा जाळून पूर्ववत होत नाहीत, ते टाकूनच द्यावे लागतात.

बोल्ट निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेल्या बलघूर्णानुसार आवळावेत. आठ मि.मी. व्यासाच्या बोल्टांसाठी ते साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर असते. लांब दांड्याच्या पान्याने अंदाजे आवळल्यास ॲल्युमिनियममधील आटे निघून येतात.

हवा काढणे

द्रव बदलताना किंवा लिव्हर मऊ झाल्यास निपलवर पारदर्शक नळी बसवून तिचे दुसरे टोक थोडा द्रव असलेल्या बाटलीत बुडवतात. एकाने लिव्हर दोन-तीनदा ओढून धरून ठेवावी, दुसऱ्याने निपल पाव फेरा सैल करावी, द्रव बाहेर पडताच ती बंद करावी, आणि त्यानंतरच लिव्हर सोडावी. हा क्रम चुकला तर हवा उलट आत ओढली जाते. टाकीतील पातळी तळाशी जाऊ देऊ नये. ती एकदा रिकामी झाली की सर्व श्रम पुन्हा प्रारंभापासून करावे लागतात. निपल आतून पोकळ असल्याने जोर लावल्यास तुटते, म्हणून तिच्यासाठी रिंग पाना वापरावा.

रस्त्यावर नेण्यापूर्वी

दट्टे आत दाबलेले असल्यामुळे काम संपल्यावर लिव्हरचे पहिले काही ओढे पूर्णपणे रिकामे जातात. गाडी जागेवरून हलवण्यापूर्वी लिव्हर कडक लागेपर्यंत ती वारंवार ओढली पाहिजे. हे विसरून गाडी चालू करून फाटकाबाहेर पडणाऱ्याला पहिल्याच वळणावर ब्रेक मिळत नाही. त्यानंतर लिव्हर एक मिनिट घट्ट दाबून धरून सर्व जोडांवर गळती पाहावी, चाक मोकळे फिरते का ते तपासावे आणि रिकाम्या जागेत चालण्याच्या वेगाने ब्रेक लावून पाहावा. नवे पॅड चकतीशी पूर्ण जुळेपर्यंत पकड कमी असते. सुरुवातीचे काही दिवस मध्यम दाबाने ब्रेक लावून ते बसू द्यावे लागतात.

घरगुती कामाच्या मर्यादा

दट्टे पूर्ण बाहेर काढून सील बदलणे हे काम पुस्तिका आणि नवीन सीलसंच हाताशी असल्यासच करावे. अडकलेला दट्ट्या दाबाच्या हवेने काढताना तो गोळीसारखा सुटून बोटे चिरडू शकतो. जुने सील पुन्हा बसवू नये, आणि नळीचा बोल्ट सोडल्यास त्याचे दोन्ही वायसर नवे घालावेत.

भारतात १२५ सीसीपेक्षा अधिक क्षमतेच्या नव्या प्रकारच्या दुचाकींना एप्रिल २०१८ पासून आणि आधीपासून बाजारात असलेल्या प्रकारांना एप्रिल २०१९ पासून एबीएस अनिवार्य झाले. अशा गाड्यांतही पॅड, दट्टे आणि सरकपिना यांची साफसफाई वर सांगितल्याप्रमाणेच करता येते. केवळ चाकावरील वेगमापक संवेदक आणि त्याची तार यांना धक्का लागू देऊ नये. मात्र एबीएसच्या दाबनियंत्रकात हवा शिरली तर ती लिव्हर ओढून नेहमीच निघत नाही. त्यासाठी संगणकीय उपकरणाने आतील झडपा उघडाव्या लागतात आणि तशी सोय असलेल्या सेवाकेंद्रातच गाडी न्यावी लागते.